उचल नको, इसार हवा

गेल्या भाद्रपदात आमच्या तालुक्याच्या ठिकाणी कारागिरांचा एक मेळावा भरला होता. व्यासपीठामागे भला मोठा फलक. त्यावर ‘तरुण हातांना काम’, ‘गावच्या कलेला मान’ अशी हातभर उंचीची अक्षरे. फलक प्लास्टिकचा. पाहुण्यांच्या गळ्यात पडले ते हार प्लास्टिकच्या फुलांचे. त्यांच्या हाती दिलेली स्मृतिचिन्हे दिसावयास काचेची, वाजवून पाहिली तर प्लास्टिकची. पळसाच्या पत्रावळी लावून पोट भरणाऱ्या वाडीवरच्या बाया पहिल्या रांगेत मुद्दाम आणून बसविल्या होत्या, आणि जेवण वाढले गेले ते कारखान्यातून आलेल्या चकचकीत ताटल्यांत. मंडपाच्या कोपऱ्यात पाच-सहा बुरूड, दोन कुंभार आणि ठाकर-कातकऱ्यांची काही तरुण पोरे आपापला माल मांडून सकाळपासून बसली होती. भाषणे तीन तास चालली. कारागिरी हे देशाचे वैभव आहे असे पाच वक्त्यांनी पाच वेळा सांगितले. मग मंडळी उठली, मोटारीत बसली आणि गेली. टोपली म्हणाल तर एकानेही घेतली नाही. एका साहेबांनी मात्र एक सूप उचलून छातीशी धरले, फोटो काढविला आणि सूप होते तेथे परत ठेवून दिले!

दुसऱ्याचे ढोंग उघडे करताना आपले झाकून ठेवणे हे सत्यशोधकाचे काम नव्हे, म्हणून सांगतो: त्या मेळाव्यात आम्हीही होतो, आणि त्या दिवशी आम्हीही रिकाम्या हाताने घरी आलो. एसटी चुकेल अशी घाई होती, टोपली गर्दीत मोडेल असे वाटले, अशी दहा कारणे आम्ही मनाशी जुळवीत बसलो. घरी येऊन पाहतो तो आमच्या स्वयंपाकघरात सूप प्लास्टिकचे, पाण्याची घागर प्लास्टिकची, तांदूळ धुवायची जाळी प्लास्टिकची. तेव्हा पुढे जी खरडपट्टी आहे तिचा पहिला वाटा आमचा, दुसरा साहेबांचा आणि तिसरा, वाचकहो, रागावू नका, तुमचा.

शाहू छत्रपतींच्या वेळची एक गोष्ट आपल्या चळवळीतील जुन्या माणसांस तोंडपाठ आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे ह्या गृहस्थांनी चहाचे दुकान काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास गाव तयार नव्हते. महाराजांनी काय केले? समतेवर व्याख्यान झोडले काय? नाही. त्यांनी आपली गाडी त्या दुकानापुढे उभी केली, चहा मागविला, स्वतः प्याले आणि बरोबरच्या बड्या मंडळींसही पाजला. दुकान गिऱ्हाइकाने चालते, टाळ्यांनी चालत नाही, हे त्या राजास कळत होते. आमच्या आजच्या पुढाऱ्यांस शाहूंचा पुतळा उभारता येतो. शाहूंसारखा चहा विकत घेता येत नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. ही नुसती हौसेची, कलेच्या कौतुकाची गोष्ट असती तर आम्ही ह्या पत्राचे दोन स्तंभ अडविले नसते. शहरातील सुखवस्तू बायांनी दिवाणखान्यात टांगावयास वारली चित्र घ्यावे की नाही, हा त्यांचा प्रश्न. आमच्यापुढचा प्रश्न हजेरीपटाचा आहे.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कोणत्याही वाडीवरच्या शाळेचा हजेरीपट उघडून पाहा. आश्विनापर्यंत पोरे बरी येतात. दिवाळीची सुट्टी संपते आणि नावांपुढे रेघा पडू लागतात. एक कातकरी कुटुंब गेले, दुसरे गेले, पाठोपाठ निम्मी वाडी ओस पडते. कोठे गेली ती माणसे? भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या विटभट्ट्यांवर. बाप चिखल तुडवितो, आई विटा वाहते आणि आमच्या तिसरीतली पोर पालापुढे धाकट्या भावास सांभाळीत बसते. पावसाच्या तोंडावर ती परत येतात तेव्हा पोरीची अक्षरओळख गेलेली असते आणि बापाच्या अंगावर बाकी चढलेली असते.

हे घडते कसे? पावसाळ्याच्या अखेरीस वाडीवर घरात दाणा नसतो. भात कापणीस अजून आलेले नसते. अशा वेळी भट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि काही हजार रुपये रोख हातावर ठेवितो. ह्यास उचल म्हणतात. उचल घेतली की माणूस बांधला गेला. पुढे आठवड्याची खर्ची तेवढी मिळते, हिशेब मालकाच्या वहीत असतो, आणि ज्येष्ठात वही उघडली की उचल कधी फिटलेलीच नसते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. त्यास पन्नास वर्षे होत आली तरी मुकादमाची वाट कोणी अडविली नाही.

आमच्या हाताखालून गेलेला एक कातकरी मुलगा आहे. हात असा की पाहत राहावे. हाताचा हा गुण त्यास वाडवडिलांकडून मिळाला असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. त्याचे वाडवडील नावाप्रमाणे खैराचा कात काढणारे. इंग्रजी अमलात जंगलास कायद्याचे कुंपण पडले आणि तो धंदा बुडाला. ह्या मुलाने बुरूडकाम शिकून घेतले ते शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या बुरुडाच्या पायाशी बसून. सूप, रोवळी, दुरडी, हारा, कोंबड्या झाकावयाचे डाले, सारे त्यास येते. वर शहरात खपतील असे दिव्यांचे आवरणही तो स्वतःच्या डोक्याने बनवितो. आम्ही त्यास विचारले, "अरे, एवढे येत असून तू दोन वर्षे भट्टीवर का गेलास?" तो म्हणाला, "गुरुजी, बांबू घ्यायला पैसं दसऱ्याला लागतात. टोपली इकल तवा म्हशाच्या जत्रंला. मधी खायाचं काय?"

ह्या एका वाक्यात सारे अर्थशास्त्र आले. विणणाऱ्यास पैसा लागतो आश्विनात आणि गिऱ्हाईक उगवते पौषात. मधल्या तीन महिन्यांच्या फटीतून मुकादम घरात शिरतो. ती फट बुजविणे आमच्या हाती आहे, सरकारच्या नव्हे. आम्ही, म्हणजे कुणबी, आगरी, मराठा, कोळी, तेली, सुतार, ठाकर, ज्यांच्या घरी चार पायल्या भात येतो ती सारी घरे. उपाय अगदी जुना आहे. त्यास इसार म्हणतात. जमिनीचा व्यवहार करताना आम्ही इसार देतो, बैल ठरविला की इसार देतो, मंडपवाल्यास आणि बँडवाल्यास तर लग्नाआधी चार महिने इसार देतो. टोपलीवाल्यास का नाही?

हिशेब करून पाहू. गाव दोनशे उंबऱ्यांचे धरा. प्रत्येक घराने वर्षाकाठी पाचशे रुपयांचा हाताने केलेला माल घ्यावयाचा ठरविला: एखादे सूप, एक रोवळी, दोन टोपल्या, एक माठ, पणत्या. पाचशे म्हणजे महिन्यास बेचाळीस रुपये. दोनशे घरांचे एक लाख झाले. त्यातील निम्मे नवरात्रात इसार म्हणून दिले तर आश्विनात पन्नास हजार रुपये वाडीवर पोहोचतात, आणि मुकादम यावयाच्या आधी पोहोचतात. तेवढ्या पैशात बांबू येतो आणि चार-पाच घरांची चूल भातकापणीपर्यंत पेटती राहते. चार-पाच घरे म्हणजे आमच्या हजेरीपटावरील दहा-बारा नावे. एका गावात सारी भट्टी काही ओस पडणार नाही, हे आम्हांस कळते. पण जे पोर हाताच्या बळावर येथेच राहू पाहते त्यास ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, आणि गाठीस पैसा असल्यावाचून गरिबास ‘नाही’ म्हणता येत नाही.

कोणी म्हणेल, माल पाहण्याआधी पैसे कसे द्यावे? वा रे हिशेबी! खिशातील मोबाइल काढून पाहा. त्यात महिन्याचे, तीन महिन्यांचे पैसे तुम्ही आधी भरता आणि मग बोलता. दूरदर्शन संचाचे पैसे आधी भरता आणि मग पाहता. ज्या कंपनीचे तोंड तुम्ही जन्मात पाहिले नाही तिला तुम्ही आगाऊ पैसे मोजता, आणि जो पोरगा तुमच्या डोळ्यांदेखत वाढला त्याच्यावर विश्वास नाही!

दुसरा आक्षेप स्वस्ताईचा. हा मोठा आक्षेप आहे आणि गरिबाच्या तोंडून तो आला तर आम्ही त्यास हसणार नाही. समजा, प्लास्टिकचे सूप शंभरास मिळाले आणि बांबूचे अडीचशेस. पण मायबहिणींनो, सुपाची पारख तुमच्याइतकी कोणास आहे? बांबूच्या सुपास कामटीची बारीक धार असते. पाखडताना दाणा तीवर अडतो, कोंडा पुढे सरकतो आणि वाऱ्यावर जातो. प्लास्टिकच्या गुळगुळीत पाठीवरून दाणा आणि फोल दोन्ही एकदमच घसरतात. मग तुम्ही तेच धान्य दोनदा पाखडता आणि दंड भरून आला म्हणता. बांबूचे सूप शेणामातीने सारवले, काठ सुटला तर पुन्हा बांधून घेतला, की वर्षानुवर्षे चालते आणि शेवटी उकिरड्यावर खत होते. प्लास्टिकचे सूप दोन उन्हाळ्यांत तडकते. ते ना चुलीत घालता येते ना शेतात. माठाचेही तसेच. मडक्याच्या अंगाला बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी पाझरते, वाऱ्याने सुकते आणि सुकताना आतील उष्णता ओढून नेते. म्हणून वैशाखात माठातले पाणी गार. प्लास्टिकच्या घागरीस ही विद्या कोण शिकविणार? आणि लोहाराचा विळा बोथटला तर त्यास पुन्हा पाणी देता येते. बाजारातला पत्र्याचा विळा एका सुगीत भंगारात.

आम्ही यंत्राचे वैरी नव्हे. भाताच्या गिरणीमुळे मुसळ सुटले ते बरे झाले. कोणा बाईने पुन्हा पहाटे उठून कांडण करावे असे आम्ही सांगणार नाही. बादली प्लास्टिकची घ्या, पाण्याची नळी प्लास्टिकची घ्या, आमची हरकत नाही. जेथे हात यंत्राहून सरस काम करतो तेथे तरी हाताचे घ्या, एवढेच म्हणणे. आणि शंभर आणि अडीचशे ह्यांतील फरक मोजताना ते पैसे कोठे जातात तेही मोजा. बुरुडास दिलेले अडीचशे संध्याकाळी गावातच किराणा, तेल, मीठ घ्यावयास बाहेर पडतात. प्लास्टिकच्या सुपाचे शंभर भिवंडीच्या गोदामावाटे कोणत्या शेटजीच्या तिजोरीत गेले त्याचा पत्ता लागत नाही. त्यातून आमच्या वाट्यास येते ती त्याच गोदामात खोकी उचलणाऱ्या आमच्या पदवीधर पोराची रोजंदारी. तानसा आणि भातसा आमच्या, पाणी मुंबईस. उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा, ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो आमच्या शहापुरातून जातो. मुंबईचा माल त्यावरून आता अधिक लवकर येईल. आमच्या टोपल्या त्यावरून जाणार आहेत काय, हे कोणी विचारले नाही. मुरबाडातील धसई गाव २०१६ च्या डिसेंबरात रोकडरहित म्हणून साऱ्या देशात गाजले. पैसा देण्याची रीत बदलली खरी. पैसा कोणाकडे जातो ते कुठे बदलले?

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यात हे दुखणे नोंदले आहे: विलायतेतून यंत्राचा माल आला, येथील विणकरादी कारागिरांचे धंदे बसले आणि ती माणसे उपाशी मरू लागली. तेव्हा परका मुलूख आणि परके सरकार होते. पुढे स्वदेशीचे पेव फुटले. विलायती कापडाच्या होळ्या झाल्या आणि त्याचा नफा खाल्ला गिरणीवाल्या शेटजींनी. खेड्यातील कोष्ट्याच्या मागावर किती सूत चढले हे त्या वेळच्या पुढाऱ्यांनी विचारले नाही. आज तीच स्वदेशी नव्या पोषाखात हिंडते आहे. ‘देशात बनलेले’ असा छाप पाहिला की आम्ही खूश; पण देशातल्या कोणाच्या हाताने बनले, हा प्रश्न बहुजनांचा आहे आणि तो बहुजनांनीच विचारावयास हवा.

तिसरे म्हणणे असे की, सरकार आहे ना! आहे. एके काळी सरकारने कुंपण घातले होते. १९६७ पासून काही वस्तू लहान उद्योगांसाठी राखून ठेवीत. मोठ्या कारखान्यांस त्यात हात घालण्याची मोकळीक नसे. ती यादी वर्षानुवर्षे कापीत आणली आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये उरलेल्या वीस वस्तूही काढून टाकल्या. त्यांत लाकडी सामान होते, मेणबत्त्या, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या, वह्या होत्या. १९५२ साली स्थापन झालेले अखिल भारतीय हस्तकला मंडळ २०२० साली बरखास्त झाले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना निघाली. अठरा धंद्यांच्या कारागिरांस हत्यारांसाठी पंधरा हजार, शिकण्याच्या काळात दिवसास पाचशे, आणि पाच टक्क्यांनी आधी एक लाख व मग दोन लाख कर्ज. टोपल्या, चटया, केरसुण्या करणारेही त्यात आहेत. ज्यांनी नाव घातले नसेल त्यांनी घालावे, आम्ही अर्ज लिहून देऊ. पण बंधूंनो, हत्यार मिळाले, कर्ज मिळाले, गिऱ्हाईक कोणत्या योजनेत मिळते? माल खपला नाही तर ते कर्ज म्हणजे दुसरी उचलच. फरक एवढाच की मुकादमाऐवजी बँकेचा माणूस दारात येईल.

मागणी आधी आली तर काय होते ते आमच्याच शहापुरात दिसले आहे. २०२० च्या टाळेबंदीच्या सुमारास येथील कातकरी तरुणांनी एकत्र येऊन रानातील गुळवेल गोळा केली, वाळविली आणि वनधन केंद्राच्या मार्फत मोठमोठ्या औषधी कंपन्यांस पुरविली. त्यांच्याकडे आलेली मागणी कोटी रुपयांच्या वर गेल्याचे सरकारनेच जाहीर केले. कालपर्यंत ज्या पोरांस ‘आळशी’ म्हणून हिणवीत होते त्यांनी हे केले. मागणी मिळाली की आळस कसा पळतो पाहा!

परदेशचे उदाहरण द्यावयाचे तर २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा नावाच्या कंपनीने कोल्हापुरी वहाणेसारखी वहाण आपली म्हणून मिरविली. ज्या वहाणेस २०१९ साली आठ जिल्ह्यांच्या नावे भौगोलिक मानांकन मिळालेले, तिच्या मूळ कारागिरांचा उल्लेखही नव्हता. ओरड झाली, तेव्हा कंपनी नमली, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड येथेच करवून घेण्याचे तिने जाहीर केले. एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. ह्यातून कारागिराच्या पदरात किती पडेल ते पुढे दिसेल. आम्हांस सांगावयाचे ते वेगळेच. हा किस्सा चावडीवर वाचला तेव्हा जो तो अभिमानाने छाती फुगवीत होता, आणि बसलेल्या वीस जणांच्या पायांत एकही हाताची वहाण नव्हती.

आता ह्या गोष्टीतील सर्वांत अवघड गाठ. आमच्याच चळवळीतील एक तरुण कार्यकर्ते आम्हांस म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बुरुडाच्या पोरास बुरूडकामात आणि कुंभाराच्या पोरास चिखलात ठेवू पाहता. मग मनूने दुसरे काय सांगितले?" प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारल्याबद्दल आम्ही त्यांस धन्यवाद देतो. बलुतेदारीचे गोडवे आम्ही गाणार नाही. सुगीच्या वेळी खळ्यावर हात पसरून उभे राहावयाचे, पाटलाच्या मर्जीने चार पेंढ्या मिळवावयाच्या आणि वर्षभर राबावयाचे, ती गुलामगिरीच होती. महार वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले ते उगाच नव्हे. पण गुलामगिरी धंद्यात नव्हती. ती ‘जन्माने हाच धंदा’ ह्या सक्तीत होती आणि ‘हा धंदा हलका’ ह्या शिक्क्यात होती. आमचा कातकरी विद्यार्थी बुरुडापाशी काम शिकला. उद्या बुरुडाचा मुलगा डॉक्टर होवो, मराठ्याची मुलगी चाकावर बसो. शाळेत प्रत्येकाने शिकलेच पाहिजे, त्यात तडजोड नाही. मात्र शिकून-सवरून जो आपणहून हाताचे काम निवडतो त्यास उपाशी ठेवणे ही मुक्ती कशी? सक्तीने धंद्यास जुंपणे हा एक जुलूम. धंदा चालू न देऊन भट्टीवर लोटणे हा दुसरा.

आणि हलकेपणाचा शिक्का कोण मारतो? भिक्षुकशाहीने पेरले हे खरे, पण पीक आम्ही काढतो. आमच्या कुणबी-मराठ्यांच्या घरी पाचवीच्या पूजेस सूप बुरुडाचेच लागते, लग्नात दुरडी त्याचीच, आणि मेल्यावर तिरडीसही त्याचाच बांबू. विधीस बांबूचे, कामास प्लास्टिकचे! म्हणजे देवास आणि मढ्यास तो चालतो, मधल्या साठ वर्षांत चालत नाही. बाजारात त्याच्यापुढे उभे राहिलो की आमची जीभ ‘अरे-तुरे’वर येते आणि दीडशेची टोपली ऐंशीस मागते. तीच जीभ कल्याणच्या वातानुकूलित दुकानात छापील किमतीपुढे मुकी होते. तेथे आम्ही कधी म्हटले आहे काय, "पन्नासला देतोस तर दे"?

बांबूचे रडगाणेही थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण माल महाग का, ह्याचे निम्मे उत्तर त्यात आहे. बांबू हे वस्तुतः गवत. पण १९२७ च्या वन कायद्याने त्यास झाड ठरविले आणि स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेणाराही चोर ठरू लागला. नव्वद वर्षांनी, २०१७ साली, जंगलाबाहेरच्या बांबूपुरती ती व्याख्या बदलली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आणि त्याची मालकी वनात राहणाऱ्या आदिवासींस व इतर पारंपरिक वननिवासींस दिली. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २०११ साली बांबू विकण्याचा हक्क प्रत्यक्ष हाती घेऊन दाखविला. आमच्या दोन तालुक्यांत बांधावर, ओढ्याकाठी बांबू लावावयास आता कोणाची परवानगी लागत नाही. ज्यांच्या बांधावर बेट आहे त्यांनी व्यापाऱ्याच्या ट्रकात ते सरसकट भरण्याआधी गावच्या विणणाऱ्यास विचारावे.

लग्नसराईचे एक सांगून आटोपतो. आमच्या सत्यशोधकी लग्नांत भटजीची दक्षिणा वाचते. धवलारीण गाणी म्हणते आणि काम सुरेख होते. ती वाचलेली दक्षिणा जाते कोठे? रुखवतातील प्लास्टिकच्या बाहुल्यांत, फुग्यांच्या कमानीत आणि पाचशे माणसांच्या फेकण्याच्या ताटल्यांत. राज्यात प्लास्टिकबंदीचा हुकूम २३ मार्च २०१८ रोजी निघाला तरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गावचा ओढा पाहावा. पाचशे पानांच्या पत्रावळी-द्रोणांचा इसार लग्न ठरताच वाडीवर दिला, तर दोन-तीन बायांचा महिना निघतो. रुखवतात पाच सुपे, एक रोवळी, चार दुरड्या मांडा; वधूच्या संसारास त्या उपयोगी तरी पडतील.

कारागीर बंधूंनाही दोन शब्द कडू बोलतो, कारण एकाच बाजूस झोडणे बरे नव्हे. कोवळा, अवेळी तोडलेला बांबू वापरू नका. सहा महिन्यांत त्यास भुंगा लागतो, टोपलीतून पीठ गळू लागते आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते. इसार घेतला की ठरल्या दिवशी माल द्या. इसाराचे पैसे दारूच्या गुत्त्यावर गेले तर पुढच्या वर्षी आमच्या ह्या लेखाची गुंडाळी करून लोक आमच्याच तोंडावर मारतील. मापे सारखी ठेवा. पायलीची टोपली पायलीचीच भरली पाहिजे. आणि भाव सांगताना पडेल आवाजात सांगू नका. बांबू किती लागला, दिवस किती गेले, रोज किती धरला, हे कागदावर मांडावयास शिका. हे गणित आम्ही शाळेत चौथीपासून शिकवितो, मोठ्यांनी संध्याकाळी यावे, त्यांसही शिकवू.

आमच्या गावात यंदा घटस्थापनेच्या दिवशी आम्ही वही घेऊन घरोघर फिरलो. शंभरावर घरांत गेलो. एकतीस घरांनी इसार दिला. काहींनी चहा पाजून वाटेस लावले. एका पुढाऱ्यांनी विचाराचे कौतुक केले आणि ‘पुढच्या वेळी’ म्हणाले. ज्यांनी दिला त्यांत सर्वांत आधी पैसे काढले ते एका विधवा आगरी बाईने, पदराच्या गाठीतून. जमलेल्या पैशांतून बांबू आला. मुकादम कार्तिकात वाडीवर येऊन गेला. नेहमीपेक्षा तीन घरे कमी घेऊन गेला.

पौष पौर्णिमेस म्हशाच्या यात्रेत, घोंगडीवाल्यांच्या ओळीच्या टोकास, आमचा तो विद्यार्थी माल मांडून बसला होता. इसाराचा माल गावात देऊन झाला होता, हा वरचा. आम्ही एक सूप हाती घेतले आणि भाव विचारला. तो म्हणाला, "गुरुजी, अडीचशे." आम्ही अडीचशे मोजून त्याच्या हातावर ठेवले. त्यास काय वाटले कोण जाणे, घासाघीस झाल्यावाचून व्यवहार पुरा होत नाही अशी त्या पोरास सवय लागलेली. त्याने त्यातील वीस रुपये काढून आमच्यापुढे धरले. आम्ही ते घेतले नाहीत. मग त्याने एक छोटी परडी सुपात टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.